बातमीतला कर्ता कुठं गेला?

शाळेत व्याकरणाच्या तासाला आपण सगळ्यांनीच वाक्यं फोडलेली आहेत. कर्ता कोण, कर्म कोणतं, क्रियापद कुठलं? 'राम आंबा खातो' या एका वाक्यावर महाराष्ट्रातल्या कैक पिढ्या पास झाल्या. शाळा सुटली की ते व्याकरण आपण दप्तराबरोबर माळ्यावर टाकून देतो. ते खाली काढावं, धूळ झटकावी आणि रोजच्या वर्तमानपत्राला लावून बघावं, एवढंच मला आज सुचवायचं आहे.

मी कविता लिहिणारी बाई. शब्द हेच माझं भांडवल. सोनाराची नजर जशी आधी दागिन्याच्या टाक्याकडे जाते, तशी माझी नजर बातमी वाचताना घटनेइतकीच तिच्या वाक्याकडे जाते. आतल्या पानावर एका कॉलममध्ये, कधी कधी दहा-बारा ओळींत आटोपलेल्या बातम्या असतात ना, त्या मी फार बारकाईनं वाचते. त्यांचे मथळे तुमच्याही ओळखीचे आहेत. 'विवाहितेचा छळ.' 'तरुणीवर अत्याचार.' 'शाळकरी मुलीची छेडछाड.' 'चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून.'

आता यात कर्ता शोधा. विवाहिता आहे, छळ आहे, पण छळणारा कुठं आहे? तरुणी आहे, अत्याचार आहे, अत्याचार करणारा नाही. जणू छळ आणि अत्याचार या गोष्टी अवकाळी पावसासारख्या वरून पडतात आणि जी बाई नेमकी तेव्हा उघड्यावर असेल ती भिजते! मग आपणही सहज विचारतो, ती तिथं गेलीच कशाला होती? हा प्रश्न आपल्या मनात त्या वाक्यानं पेरलेला असतो. ज्या वाक्यात एकच माणूस दिसतो, त्यात दोषही त्याच माणसाचा शोधला जातो.

याच्या उलट मथळाही तुम्ही वाचलेला असेल. 'पत्नीनेच काढला पतीचा काटा.' बघा, इथं कर्ता कसा सरळ पहिल्या जागी येऊन बसला! आणि वर तो 'नेच'. त्या एका 'च'मध्ये केवढा धक्का, केवढा संताप भरलेला आहे. नवऱ्यानं बायकोला मारलं की वाक्य कर्ता गिळून टाकतं, बायकोनं नवऱ्याला मारलं की कर्ता ठळक होतो. २०२५ च्या मार्चमध्ये मीरतमधल्या एका खुनाची बातमी देशभर गाजली. आरोप बायकोवर आणि तिच्या मित्रावर होता. प्रेत ज्या निळ्या पिंपात सापडलं, त्या पिंपावर कितीतरी दिवस विनोद फिरत होते. गुन्हा भयंकरच, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या घटनेत बाई मरते, तिथल्या रॉकेलच्या कॅनवर, दोरीवर किंवा विहिरीवर कुणी विनोद केलेले मला आठवत नाहीत. ते नेहमीचंच असतं. नेहमीच्या गोष्टीला एक कॉलम पुरतो.

काही पत्रकार मित्र म्हणतात, 'ताई, मथळ्याला जागा किती असते? आणि गुन्हा सिद्ध होण्याआधी कुणाला दोषी कसं म्हणायचं?' दोन्ही मुद्दे रास्त आहेत, म्हणून दोन्हींचा विचार करू. 'चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून' हा मथळा अक्षरं मोजली तर चांगला लांबलचक आहे. 'पत्नीचा खून, पतीला अटक' हा त्याच्यापेक्षा आखूड आहे, आणि कायद्याच्या दृष्टीनंही चोख आहे, कारण अटक झाली ही वस्तुस्थिती आहे. तेव्हा अडचण जागेचीही नाही आणि कायद्याचीही नाही. सवयीची आहे.

या 'चारित्र्याच्या संशया'पाशी जरा थांबू या. मला हा आपल्या वृत्तपत्रीय मराठीतला सगळ्यात क्रूर शब्दप्रयोग वाटतो. हा संशय कुणाचा? मारणाऱ्याचा. तो वर्तमानपत्रापर्यंत कसा पोचला? आरोपीनं पोलिसांना सांगितलं, पोलिसांनी प्रेसनोटमध्ये लिहिलं, वार्ताहरानं ते बातमीत उतरवलं. आता यातली गंमत बघा. पोलिसांसमोर दिलेला गुन्ह्याचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून कोर्टात चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या पंचविसाव्या कलमात ही तरतूद होती, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ती तेविसाव्या कलमात कायम आहे. दडपणाखाली माणूस काहीही बोलेल, म्हणून कायद्यानं ही खबरदारी घेतली. म्हणजे पोलिस ठाण्यातल्या ज्या बोलण्यावर न्यायाधीश विसंबत नाहीत, त्यातलंच निवडक आपण सकाळी चहाबरोबर 'कारण' म्हणून वाचतो. आरोपीला त्या कायद्याचं संरक्षण आहे. मेलेल्या बाईला कसलंच नाही. ती उठून सांगू शकत नाही की बाबांनो, असं काही नव्हतं. आणि असतं तरी त्याची शिक्षा ही नव्हती. तिच्या मागं तिची लेकरं त्या कात्रणासकट मोठी होतात.

बातमीची भाषा अशी का घडते, हे समजून घ्यायचं तर ती कुठून येते ते बघायला हवं. गुन्ह्याच्या बातमीचा उगम बहुधा पोलिस ठाण्यात असतो. तालुक्याच्या गावचा वार्ताहर तुटपुंज्या मानधनावर काम करतो. संध्याकाळी त्याला चार ठिकाणच्या बातम्या पाठवायच्या असतात. घटनास्थळी जाणं, शेजारपाजाऱ्यांशी बोलणं, बाईच्या माहेरी जाणं याला ना वेळ ना गाडीभाडं. मग तो ठाणे अंमलदाराच्या टेबलावरचा मजकूर घेतो, आणि त्या मजकुराबरोबर कायद्याचे जुने शब्दही घेतो.

'विनयभंग' हाच शब्द घ्या. १८६० च्या भारतीय दंड संहितेतल्या तीनशे चोपन्नाव्या कलमाचं हे मराठी रूप. एखाद्या पुरुषानं बाईच्या अंगाला हात लावला, तिला ओढलं, तर गुन्हा कोणता? तिच्या विनयाचा भंग. म्हणजे मोडलं ते तिचंच काहीतरी! चोरी झाली तर आपण म्हणतो चोरानं चोरी केली. घरमालकाचा 'धनभंग' झाला असं म्हणत नाही. २०२४ मध्ये दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, कलमाचा आकडा बदलून चौऱ्याहत्तर झाला, पण विनयाची ती कल्पना तशीच राहिली. 'छेडछाड' तर त्याहून नाजूक. सतारीची तार छेडतात, मैफलीत राग छेडतात. बसमध्ये मुलीला कोपर मारणाऱ्या इसमाच्या कृत्याला असा संगीतातला शब्द का द्यायचा? २०२३ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं न्यायाधीशांसाठी एक पुस्तिका काढली. निकालपत्रात बायकांविषयी कोणते साचेबंद शब्द टाळावेत आणि त्यांच्याजागी कोणते वापरावेत, याची यादीच तीत दिली आहे. रस्त्यावरच्या छेडछाडीला सरळ लैंगिक छळ म्हणा, असं ती सांगते. न्यायालयाला ही गरज वाटली, तर वर्तमानपत्राच्या संपादकीय टेबलावर अशी एक यादी असायला काय हरकत आहे?

कुणी म्हणेल, हे सगळं आजकालच्या स्त्रीवादी बायकांचं खूळ आहे. तर मग तुम्हाला जरा मागं नेते. १८८१ साली सुरतेत एका तरुण ब्राह्मण विधवेला अर्भकाची हत्या केल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढं अपिलात ती कमी होऊन काळ्या पाण्याची झाली. या खटल्यावर वर्तमानपत्रांतून रान उठलं. पुण्याच्या 'पुणेवैभव'नं त्यानिमित्तानं एकूणच बायकांच्या वागणुकीवर तोंडसुख घेतलं. ते वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे संतापल्या आणि त्यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक लिहिलं. ते १८८२ साली पुण्यात छापून निघालं. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा होता की जे दुर्गुण तुम्ही बायकांना चिकटवता, ते पुरुषांत नाहीत काय? आणि विधवेला या अवस्थेला आणणारा तो पुरुष कुठं आहे? म्हणजे बातमीतला कर्ता कुठं गेला, हा प्रश्न मराठीत एका बाईनं सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी विचारलेला आहे. त्या पुस्तकावर टीका झाली तेव्हा जोतीराव फुले यांनी १८८५ साली आपल्या 'सत्सार'मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. पुढं ते पुस्तक विस्मरणात गेलं, आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं म्हणून आपल्या हाती लागलं. वर्तमानपत्रातल्या एका मजकुराला उत्तर म्हणून लिहिलेलं पुस्तक आज आपल्या अभ्यासक्रमांत आहे, आणि तो मूळ मजकूर कुणी लिहिला होता हे कुणाच्या लक्षातही नाही. काळाचा हा न्याय मला आवडतो.

नावांची गोष्टही अशीच आहे. १९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोघा पोलिसांनी बलात्कार केल्याचा आरोप झाला. सत्र न्यायालयानं त्यांना सोडलं, उच्च न्यायालयानं शिक्षा दिली, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिनं आरडाओरडा केला नव्हता, म्हणजे तिची संमती असणार, असा तो तर्क होता. त्यावर १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. पण तोवर ते प्रकरण त्या मुलीच्या नावानंच ओळखलं जाऊ लागलं होतं. कायद्याच्या पुस्तकांत, सभांत, अग्रलेखांत सगळीकडं तिचंच नाव. मी ते इथं घेत नाही. मी त्याला देसाईगंज प्रकरण म्हणते. त्या दोन पोलिसांची नावं तुमच्यापैकी किती जणांना सांगता येतील?

१९८३ च्या त्याच दुरुस्तीनं एक मोलाची गोष्ट केली. बलात्कारित स्त्रीचं नाव किंवा ओळख पटेल असा मजकूर छापणं हा गुन्हा ठरला, आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. आता ही तरतूद न्याय संहितेच्या बहात्तराव्या कलमात आहे. २०१८ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणखी स्पष्ट केलं की ती स्त्री मरण पावली असली तरी तिचं नाव छापता येत नाही, आणि नाव न छापता ओळख पटवून देणारा तपशीलही देता येत नाही. आता छोट्या गावची बातमी आठवून बघा. नाव दिलेलं नसतं, पण गावाचं नाव असतं, शाळेचं नाव असतं, ती कितवीत शिकते ते असतं, वडील काय करतात ते असतं, घर कोणत्या देवळामागं तेही असतं. दीड हजार वस्तीच्या गावात अशी मुलगी एकच असते. मग नाव न छापून काय साधलं? पत्त्याशिवाय टाकलेलं पत्रही पोस्टमन ओळखून पोचवतो, अशातली ही गत.

आता थोडे आकडे. कवीनं आकडे सांगू नयेत म्हणतात, पण आकड्यांमध्येही एक चित्र दडलेलं असतं. वर्तमानपत्रं आणि वाहिन्या पाहून बायकांवरच्या अत्याचाराचं जे चित्र आपल्या मनात तयार होतं, त्यात रात्र असते, सुनसान रस्ता असतो आणि अनोळखी नराधम असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा २०२२ चा अहवाल काय सांगतो? त्या वर्षी देशात स्त्रियांविरुद्धच्या ४ लाख ४५ हजार २५६ गुन्ह्यांची नोंद झाली. त्यांतला सगळ्यात मोठा वाटा, म्हणजे ३१.४ टक्के, नवरा किंवा सासरच्या माणसांनी केलेल्या क्रूरतेचा होता. ही झाली फक्त पोलिसांत गेलेली प्रकरणं. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित किंवा पूर्वी विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के जणींनी नवऱ्याकडून मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसल्याचं सांगितलं. म्हणजे दहांतल्या जवळपास तिघी. धोका उंबऱ्याबाहेर असल्याची बातमी आपण ठळक छापतो आणि मुलींना म्हणतो, सातच्या आत घरात. ज्या घरात त्यांना पाठवतो, त्या घराची बातमी मात्र एका कॉलमात.

माझ्या तरुणपणी तर या बातमीचा एक ठरलेला साचाच होता. 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू.' आमच्या घरात अम्मा, चाची, फुफी सगळ्या त्याच स्टोव्हवर स्वयंपाक करायच्या. अब्बाही कधी कधी मध्यरात्री उठून चहा टाकायचे. मला प्रश्न पडायचा की हा स्टोव्ह इतका हुशार कसा, की तो नव्या सुनेलाच ओळखतो, आणि सासूच्या, नणंदेच्या किंवा नवऱ्याच्या हातात असताना कधी भडकत नाही? बायकांच्या संघटनांनी हाच प्रश्न रस्त्यावर विचारला. १९८३ साली स्त्री मुक्ती संघटनेचं, ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' हे नाटक आलं आणि गावोगाव झालं. त्याच वर्षी सासरच्या छळाचं चारशे अठ्ठ्याण्णव 'अ' हे कलम आलं, आणि १९८६ साली हुंडाबळी हा वेगळा गुन्हा ठरला. मग हळूहळू बातमीतलं वाक्य बदललं. स्टोव्ह मागं सरला, 'सासरच्या चौघांविरुद्ध गुन्हा' असं छापून येऊ लागलं. वाक्य बदलू शकतं, याचा हा आपल्याच डोळ्यांदेखतचा पुरावा आहे.

आता माझ्या अगदी जवळच्या विषयाकडे येते. मुसलमान बाईचं वर्तमानपत्रातलं चित्र. चित्र म्हणजे अक्षरशः छायाचित्र. विषय तलाकचा असो, मतदानाचा असो, शिक्षणाचा असो की ईदच्या बाजाराचा, फोटो एकच. काळा बुरखा आणि त्यातून दिसणारे दोन डोळे. मी स्वतः नऊवारी नेसणाऱ्या मुसलमान बायका पाहिल्या आहेत. सोलापुरात सुपात पत्ता आणि तंबाखू घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या पाहिल्या आहेत, मराठवाड्यात डोक्याला टॉवेल बांधून कापूस वेचणाऱ्या पाहिल्या आहेत, कोकणात मासळीच्या पाट्या घेऊन बसणाऱ्या पाहिल्या आहेत. बुरखा घालून बँकेत कॅशियरचं काम चोख करणारीही माझ्या ओळखीत आहे. यांच्यापैकी कुणाचाच फोटो 'मुस्लिम महिला' म्हणून छापून येत नाही.

मला स्वतःला वर्तमानपत्रांतून फोन येतात. कशाबद्दल येतात? बुरखा, तलाक, हिजाब. कांद्याच्या भावाबद्दल, पाण्याच्या टँकरबद्दल, मराठी शाळा बंद पडण्याबद्दल मला कुणी विचारत नाही. खरं तर बुरख्यापेक्षा कांद्याशी माझा रोजचा संबंध जास्त! एकदा एका पुरवणीसाठी माझी मुलाखत झाली. कवितेवर चांगली तासभर बोलले. शेवटी फोटो काढणारा मुलगा बिचारा संकोचून म्हणाला, 'मॅडम, जरा डोक्यावरून ओढणी घेता का? म्हणजे लगेच कळेल.' मी साडी नेसले होते, घरात ओढणीच नव्हती. मी म्हटलं, 'बेटा, काय कळायला हवं आहे?' त्याच्याकडे उत्तर नव्हतं. दोष त्या मुलाचा नाही. त्याला जे चित्र आणायला सांगितलं होतं, तेच तो शोधत होता.

या एकाच चित्रामुळे नुकसान काय होतं? इतिहास पुसला जातो. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी मुंबईत सात मुस्लिम बायकांचा मोर्चा नेला होता. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही मागणी होती. सर्वोच्च न्यायालयानं एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला तो २२ ऑगस्ट २०१७ ला. मधे एक्कावन्न वर्षं गेली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जळगावात मुसलमान बायकांनी सिनेमाला जायचं नाही, असा फतवा निघाला, तेव्हा रजिया पटेल नावाची तरुण मुलगी त्याविरुद्ध उभी राहिली आणि मार खाऊनही हटली नाही. ही सगळी मराठी मुलखातली गोष्ट. पण २०१७ च्या त्या संध्याकाळी मी टीव्हीवर ज्या चर्चा पाहिल्या, त्यांत असंच भासवलं जात होतं की मुसलमान बाईला तोंड आजच फुटलं, आणि तेही कुणीतरी फोडलं. एका बाजूला दाढीवाले मौलाना, दुसऱ्या बाजूला पक्षांचे प्रवक्ते. मधे पडद्यावर तेच दोन डोळे, आवाज बंद केलेले.

शाहबानोचंही तेच झालं. १९८५ च्या त्या निकालावर किती शाई सांडली! धर्म, शरियत, मतपेढी, समान नागरी कायदा. पण ती इंदूरची म्हातारी कोर्टात कशासाठी गेली होती? पोटगीसाठी. उच्च न्यायालयानं तिला महिन्याला किती रक्कम मंजूर केली होती? १७९ रुपये २० पैसे. हा आकडा प्रत्येक बातमीच्या पहिल्या ओळीत असता, तर कदाचित त्या वादाला वेगळं वळण लागलं असतं. लोकांनी विचारलं असतं की अहो, वकील नवऱ्याला एवढेही द्यायला होत नाहीत का? पण बाईचं पोट बातमीतून गेलं आणि कौमेची इभ्रत तेवढी उरली. इकडे कर्ता गायब झाला नाही, इकडे कर्मच बदललं.

मंडळी, बाई बातमीत कशी दिसते हा एक प्रश्न झाला. ती दिसते का, हा दुसरा. १९९५ पासून दर पाच वर्षांनी जगभरातल्या बातम्यांची एक पाहणी होते. बातम्यांत ज्यांच्याबद्दल लिहिलं जातं किंवा ज्यांचं म्हणणं छापलं जातं, त्यांच्यात बायका किती, हे त्यात मोजतात. १९९५ मध्ये त्या १७ टक्के होत्या, २०२० मध्ये २५ टक्के. पंचवीस वर्षांत आठ टक्क्यांची मजल! आपल्याकडं शेतीच्या बातमीचं उदाहरण घ्या. २०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या काम करणाऱ्या दर शंभर स्त्रियांपैकी पासष्ट शेतकरी किंवा शेतमजूर होत्या. तरी 'शेतकरी' म्हटलं की फोटो धोतर-टोपीवाल्याचा, आकाशाकडं बघणारा. त्याच शेतात वाकून खुरपणारी त्याची बायको बातमीत कधी येते? तो आत्महत्या करतो तेव्हा. आणि तेव्हाही 'शेतकरी' म्हणून नाही, 'शेतकऱ्याची विधवा' म्हणून.

खेळाच्या पानावरही बघा. २०१७ साली विश्वचषकाच्या आधी एका पत्रकारानं मिताली राजला विचारलं, तुझा आवडता पुरुष क्रिकेटपटू कोण? तिनं उलट विचारलं, हा प्रश्न तुम्ही पुरुष खेळाडूंना विचारता का, की तुमची आवडती महिला क्रिकेटपटू कोण? पुढं २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला आणि दुसऱ्या दिवशी त्या पहिल्या पानावर आल्या. त्या फोटोत बाई रडत होती, हसत होती, धावत होती, मातीनं माखली होती. कुणाची लेक, कुणाची सून हे शोधायची कुणाला गरज पडली नाही. कर्ता, कर्म, क्रियापद सगळं आपापल्या जागी. 'भारताने विश्वचषक जिंकला', आणि तो भारत म्हणजे त्या अकरा मुली.

म्हणजे वर्तमानपत्रांना हे जमत नाही असं नाही. अनेक वार्ताहर मुली आज कोर्ट, शेती, पोलिस अशी खाती सांभाळतात आणि त्यांच्या बातम्यांत हा फरक जाणवतो. १९८९ पासून विद्या बाळ यांनी 'मिळून साऱ्याजणी' चालवलं, तेव्हा वाचकांनी ते उचलून धरलं. वाचक काय मागतो, यावर पुष्कळ अवलंबून असतं. आपण चटकदार तेच आधी वाचतो, मग छापणारा तेच आधी छापतो. वर्तमानपत्र आपण विकत घेतो. भाजी घेताना जशी वांगी उलटीसुलटी करून कीड बघतो, तशी बातमी घेताना का बघू नये?

त्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. मी स्वतः साधी बी. ए. झालेली बाई आहे. बाईविषयीची कोणतीही बातमी वाचताना चार प्रश्न विचारावेत. एक, हे कृत्य कुणी केलं, तो माणूस या वाक्यात आहे का? दोन, जे कारण दिलं आहे ते कुणी सांगितलं. आरोपीनं, पोलिसांनी की त्या बाईनं? तीन, हिच्या जागी पुरुष असता तर त्याचे कपडे, लग्न, मुलंबाळं, रात्रीची वेळ हे तपशील आले असते का? आणि चार, या बातमीत बाईला स्वतःच्या तोंडून एक तरी वाक्य बोलू दिलं आहे का?

घरात सकाळी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचण्याची पद्धत अजून कुठं कुठं आहे. आजोबा वाचतात, नातवंडं ऐकतात. अशा घरात उद्या 'विवाहितेचा छळ' असा मथळा आला, तर आजोबांनी तो तसाच वाचू नये. क्षणभर थांबून नातवाला विचारावं, 'सांग बघू, यातला कर्ता कोण?' मुलगा बातमी पुन्हा वाचेल, शोधेल. त्याला तो कर्ता सापडला, तर मोठेपणी तसा कर्ता होण्याआधी तो दहादा विचार करेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)